कीड शेतातली आणि मनातली : सल्ला-प्रणालीपूर्वी मानसिक प्रारूपाचे मोजमाप

प्रस्तावना

कपाशीच्या शेतातील कामगंध सापळा ही वरकरणी साधी वस्तू आहे. मादी पतंगाच्या गंधासारखा गंध देणारी गोळी सापळ्यात ठेवली की नर पतंग तिच्याकडे आकर्षित होतात आणि अडकतात. गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणासाठी हेक्टरी ५ सापळे लावावेत व सलग ३ रात्री प्रति सापळा ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास नियंत्रणाचे उपाय योजावेत, ही शिफारस विस्तार कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने हा सापळा पर्जन्यमापकासारखा आहे. पर्जन्यमापकात पाणी साठल्याने पाऊस कमी होत नाही, फक्त किती पडला ते कळते. परंतु शेतकरी त्याच सापळ्याकडे कीड पकडणारे यंत्र म्हणून पाहत असेल, तर चित्र उलटे होते. सापळ्यात ९ पतंग दिसले की "सापळा चांगला चालतो आहे" असे समाधान त्याला वाटते आणि बोंडे फोडून पाहण्याची निकड वाटत नाही. सापळ्यात एखादाच पतंग असला तर सापळा निकामी ठरतो आणि भीतीपोटी फवारणी होते. ही समजूत अगदी निराधारही नाही. सापळ्यांची संख्या पुष्कळ वाढवून पतंग सामूहिकरीत्या पकडण्याची पद्धत अस्तित्वात आहे. म्हणजे शेतकऱ्याने आकडा अचूक मोजला, संदेश नीट वाचला, तरीही निर्णय विपरीत झाला. चूक त्याच्या वाचनात नसून संदेश तयार करणाऱ्याने त्याच्या मनातील सापळा कधी पाहिलाच नव्हता, हे तिचे मूळ आहे.

आज कीड-सल्ला भ्रमणध्वनीवरून, ध्वनिसंदेशांतून आणि छायाचित्र पाहून कीड ओळखणाऱ्या ॲपमधून दिला जातो. किसान कॉल सेंटरची सेवा २००४ पासून, महाराष्ट्रातील क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प २००९ पासून सुरू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. अशा प्रणालींमध्ये शेतकरी प्रश्न विचारतो, पर्याय निवडतो, उत्तर घेतो, म्हणून त्या संवादी प्रणाली होत. संवाद सफल व्हायचा तर समोरच्याच्या मनात त्या विषयाचे कोणते चित्र आहे हे आधी ठाऊक हवे. ते चित्र अंदाजाने गृहीत न धरता मोजावे कसे आणि त्यानुसार प्रणालीची रचना बदलावी कशी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मानसिक प्रारूप म्हणजे काय?

एखादी गोष्ट कशी चालते याविषयी माणसाच्या मनात जे कामचलाऊ चित्र असते, त्यास 'मानसिक प्रारूप' म्हणतात. केनेथ क्रेक या मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडले की, मनुष्य बाह्य जगाची छोटी प्रतिकृती मनात बाळगतो आणि तिच्या आधारे पुढे काय घडेल याचा अंदाज बांधतो. प्रारूपाची खूण म्हणजे हा अंदाज. "पाऊस थांबला, ढगाळ राहिले, आता मावा वाढणार" असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्याच्या मनातील प्रारूप बोलत असते.

डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८३ मध्ये दाखविले की अशी प्रारूपे अपुरी व अस्थिर असतात, तरीही माणसे त्यांच्यावर विसंबून वागतात. गणकयंत्रावरील आधीचा हिशेब पुसण्यासाठी एकदा कळ दाबणे पुरेसे असताना लोक ती दोन-तीन वेळा दाबताना त्यांना आढळले. खात्रीसाठी केलेल्या त्या जादा कृतीचे मोल तेथे शून्य होते. शेतात 'खात्रीसाठी' केलेल्या एका जादा फवारणीचे मोल मात्र पैशांत, मित्रकीटकांच्या नाशात आणि माणसाच्या आरोग्यात मोजावे लागते.

अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ विलेट केम्प्टन यांचा १९८६ मधील अभ्यास या संदर्भात मार्गदर्शक आहे. मिशिगन राज्यातील लोक घर उबदार ठेवणाऱ्या यंत्राचा तापमान-नियंत्रक कसा वापरतात, हे त्यांनी मुलाखतींतून तपासले. काहींच्या मते नियंत्रक हा ठरावीक तापमान आले की यंत्र बंद करणारा पहारेकरी होता. इतरांच्या मते तो नळाच्या चावीसारखा होता, जितका अधिक फिरवावा तितकी उष्णता अधिक जोराने येणार. अभियांत्रिकीच्या दृष्टीने दुसरे प्रारूप चुकीचे होते. मात्र ते बाळगणाऱ्यांचे व्यवहार त्यांच्या समजुतीशी पूर्ण सुसंगत होते आणि रोजच्या वापरात ते बऱ्यापैकी निभावतही होते.

कीटकनाशकाच्या मात्रेबाबत हेच 'चावीचे प्रारूप' आढळू शकते : मात्रा दुप्पट केली की कीड दुप्पट वेगाने मरेल. अशा शेतकऱ्याला "शिफारशीपेक्षा अधिक मात्रा वापरू नये" एवढेच सांगितले तर तो ती सूचना सरकारी सावधगिरी समजून बाजूला ठेवतो. कीड न मरण्याची कारणे वेगळी असू शकतात, जसे अळी बोंडात शिरलेली असणे, फवारा पानाच्या खालच्या बाजूस न पोहोचणे किंवा किडीत प्रतिकारक्षमता निर्माण होणे. यांपैकी एकही कारण त्याच्या प्रारूपात नसेल, तर त्याच्यापुढे "औषध कमी पडले" किंवा "औषध बनावट निघाले" हीच दोन स्पष्टीकरणे उरतात.

जे दिसते तेच कळते

शेतकऱ्याचे ज्ञान कोठे खोल आणि कोठे उथळ असते, याचा उपयुक्त नकाशा मानववंशशास्त्रज्ञ जेफ्री बेंटली यांनी होंडुरास या मध्य अमेरिकेतील देशात काम करताना मांडला. १९८९ मधील त्यांच्या लेखाचा आशय असा की, दोन प्रश्नांवर सारे अवलंबून असते : ती गोष्ट शेतकऱ्याच्या लेखी महत्त्वाची आहे काय, आणि ती सहज दिसते काय? यावरून चार गट पडतात. खाली प्रत्येक गटासाठी आपल्याकडील उदाहरणे दिली आहेत.

१. महत्त्वाची आणि सहज दिसणारी : पिकाच्या अवस्था, तण, जमिनीचा पोत. येथे शेतकऱ्याचे ज्ञान सखोल असते व संशोधकाने त्याच्याकडून शिकावे.

२. सहज दिसणारी, पण महत्त्वाची न वाटणारी : बांधावरील कोळी, चतुर, ढालकिडे. नाव माहीत असते, कार्य माहीत नसते.

३. महत्त्वाची, पण सहज न दिसणारी : विषाणू, बुरशीचे बीजाणू, बोंडातील अळी, रात्री अंडी घालणारा पतंग. येथे उणीव अनुमानाने भरली जाते आणि चुकीच्या समजुती रुजतात.

४. महत्त्वाची न वाटणारी आणि न दिसणारी : अंड्यांवर व अळ्यांवर जगणाऱ्या सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाश्या. येथे नावच नसते, म्हणून ज्ञानही नसते.

होंडुरासमधील शेतकऱ्यांना पोळे करणाऱ्या गांधीलमाश्यांचे प्रकार नावानिशी ठाऊक होते. परंतु कीटक अंड्यांतून वाढतात, पतंग आणि अळी हा एकच जीव आहे, ही साखळी अनेकांना माहीत नव्हती. अळ्या आपोआप उपजतात असे ते मानत. उणीव कोठे आहे हे नेमके कळल्यावर प्रशिक्षणात कीटकांचे प्रजनन आणि नैसर्गिक शत्रू या दोनच विषयांवर भर देण्यात आला. त्यानंतर काही शेतकऱ्यांनी स्वतःच्या कल्पनेने मक्यावर साखरेचे पाणी शिंपडून मुंग्यांना बोलावले, जेणेकरून त्या लष्करी अळीचा फडशा पाडतील. ती अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि पाठोपाठ इतर राज्यांतील मक्यावर पसरली, हे वाचकांस स्मरत असेलच. नेमकी उणीव भरली की शेतकरी पुढचा शोध स्वतः लावू शकतो, हा या अनुभवाचा धडा होय.

शब्दांत दडलेली प्रारूपे

मोजमापास आरंभ करण्यापूर्वी बोलीभाषेकडे लक्ष द्यावे. मराठी शेतकरी "कपाशीवर रोग आला" असे म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ तुडतुडे, करपा, मॅग्नेशियमची कमतरता यांपैकी काहीही असू शकतो. 'लाल्या' या एकाच नावाखाली पाने लाल होण्याची अनेक कारणे एकत्र येतात. बोलीत 'रोग' हा पिकाचे कोणतेही दुखणे सांगणारा व्यापक शब्द आहे. ज्या ॲपच्या पहिल्याच पानावर "कीड" व "रोग" अशा दोन कळा असतात, ते शेतकऱ्याला उत्तर देण्यापूर्वीच परीक्षेस बसविते. तुडतुड्यांनी पाने मुरडलेल्या कपाशीचा मालक 'रोग' ही कळ दाबतो, त्याच्यापुढे बुरशीनाशकांची यादी उघडते आणि प्रणालीच्या नोंदीत हा व्यवहार 'यशस्वी' म्हणून जमा होतो.

दुसरा शब्द 'औषध'. मराठीत कीटकनाशकाला औषध म्हणतात. हिंदीत दवा, तेलुगूत मंदु, तमिळमध्ये मरुंदु म्हणतात, आणि या प्रत्येक शब्दाचा मूळ अर्थ औषध असाच आहे. इंडोनेशियातील 'ओबात' आणि व्हिएतनाममधील 'थुओक' यांचीही तीच गोष्ट. औषध आजाऱ्याला बरे करते, अशक्ताला बळ देते आणि आधीच घेतले तर आजार टळतो. हे सारे गुण त्या शब्दासोबत कीटकनाशकाला आपोआप चिकटतात. 'विष' या शब्दासोबत ते येत नाहीत.

या शब्दार्थाला जिवाचे मोल आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले. भारतात कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणाचा दर्जा दाखविणारे रंगचिन्ह असते : लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. हा क्रम जाणकारास सरळ वाटतो. परंतु रस्त्यावरील दिव्यांची सवय असलेल्या मनास पिवळा म्हणजे 'जरा जपून' वाटू शकेल, प्रत्यक्षात तो विषारीपणाच्या दुसऱ्या क्रमांकावर आहे. निळ्याला त्या दिव्यांत स्थानच नाही. हिरवा म्हणजे 'सेंद्रिय' किंवा 'पीक हिरवे करणारे' असाही अर्थ कोणी लावू शकेल. आपल्या गावात कोणता अर्थ लावला जातो, हे चार रिकामे डबे समोर मांडून, "सर्वांत जहाल ते सर्वांत सौम्य" अशा क्रमाने लावायला सांगितल्यास तासाभरात कळते. (डबे स्वच्छ, बंद आणि केवळ दाखविण्यापुरते असावेत. चित्रे वापरणे अधिक सुरक्षित.)

मोजमापाच्या पद्धती

जोखमीविषयी माहिती देण्यासाठी मानसिक प्रारूपांचा वापर करण्याची पद्धत अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील ग्रेंजर मॉर्गन, बारूख फिशहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली व २००२ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. तज्ज्ञांचे प्रारूप काढणे, सामान्य माणसाशी मोकळी मुलाखत, मोठ्या गटात पडताळणी, मग संदेशाची रचना व चाचणी, असा तिचा क्रम आहे. त्यात इतर सोप्या पद्धतींची जोड देऊन विस्तार कार्यकर्त्यास उपयोगी पडेल असा क्रम पुढीलप्रमाणे ठरविता येतो.

पहिली पायरी : तज्ज्ञांचे प्रारूप कागदावर उतरविणे. कीटकशास्त्रज्ञ, कृषी सहायक आणि अनुभवी शेतकरी यांनी एकत्र बसून किडीचा जीवनक्रम, हवामान, पिकाची अवस्था, मित्रकीटक, फवारणी व उत्पन्न यांची चौकट-बाण आकृती काढावी. कोणत्या बाणावर निर्णय अवलंबून आहे, ते ठळक करावे. तज्ज्ञांमध्येच मतभेद निघाले तर तेही नोंदवावेत.

दुसरी पायरी : मुक्त यादी. "कपाशीला त्रास देणारे काय काय आहे?" एवढेच विचारावे आणि शेतकरी सांगेल त्या क्रमाने, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आधी आठवते ते मनात अधिक ठळक असते. ही ठळकता मोजण्याचा सोपा हिशेब असा : यादीत ५ नावे असतील तर पहिल्याला ५ भागिले ५ म्हणजे १, दुसऱ्याला ०.८, तिसऱ्याला ०.६, याप्रमाणे पाचव्याला ०.२ गुण आणि न घेतलेल्या नावाला ०. उदाहरणादाखल, तीन शेतकऱ्यांच्या यादीत गुलाबी बोंडअळीला १, ०.६ आणि ० गुण मिळाले, तर सरासरी सुमारे ०.५३ येते. पर्यायांच्या यादीत कोणते नाव आधी यावे आणि कोणत्या बोली शब्दाने यावे, हे या हिशेबातून ठरते.

तिसरी पायरी : कार्डांची छाननी. किडी, मित्रकीटक, रोग आणि अन्नद्रव्यांच्या कमतरतेची लक्षणे यांची २० ते २५ रंगीत छायाचित्रे घ्यावीत. "जे एकमेकांसारखे वाटते ते एकत्र ठेवावे" असे सांगावे. किती गट करावेत हे सांगू नये. नंतर प्रत्येक गटाचे नाव आणि कारण विचारावे. दोन कार्डे किती जणांनी एकत्र ठेवली ते मोजावे. समजा, ढालकिड्याची अळी आणि पिठ्या ढेकूण ही कार्डे २० पैकी १६ जणांनी एकाच गटात ठेवली, तर त्या जोडीचा साम्यांक ०.८० झाला. कीटकशास्त्रज्ञाच्या दृष्टीने तो शून्याजवळ हवा, कारण पहिली दुसऱ्याला खाते. जेथे शेतकरी व तज्ज्ञ यांच्या साम्यांकात मोठी तफावत असते, तेथे प्रणालीने अधिक काळजी घ्यावी.

चौथी पायरी : शेतात उभे राहून मोकळी मुलाखत. कार्यालयात बोलावलेला शेतकरी साहेबांना हवे ते उत्तर देतो. शेतात झाड समोर असते, म्हणून बोलणे झाडाविषयी होते. "हे कशाने झाले असेल?", "त्याआधी काय घडले?", "आता काहीच केले नाही तर काय होईल?" असे प्रश्न विचारावेत. 'अंडी', 'पतंग', 'प्रतिकारक्षमता' हे शब्द शेतकऱ्याने उच्चारण्यापूर्वी प्रश्नकर्त्याने वापरू नयेत. "मित्रकीटक असतात हे ठाऊक आहे ना?" या प्रश्नाचे उत्तर नेहमी होकारार्थीच येते आणि त्याला मोजमापाचे मोल नसते. साधारणतः २० ते ३० मुलाखती झाल्या की नवी कल्पना क्वचितच पुढे येते.

पाचवी पायरी : अंदाजाचे प्रश्न. प्रारूपाची खरी परीक्षा येथे होते. "काल सापळ्यात ३ पतंग होते, आज ९ आहेत. शेतात काय चालले आहे? उद्या सकाळी काय कराल?" किंवा "एका तासात दुप्पट मात्रा फवारली, शेजाऱ्याने शिफारशीप्रमाणे फवारली. आठ दिवसांनी दोन्ही शेते कशी दिसतील?" उत्तर बरोबर की चूक यापेक्षा त्यामागील कारण नोंदवावे. योग्य उत्तर चुकीच्या कारणाने आले असेल, तर परिस्थिती थोडी बदलताच निर्णय चुकतो.

सहावी पायरी : मोठ्या गटात पडताळणी. मुलाखतींत आढळलेल्या समजुती शेतकऱ्यांच्याच शब्दांत छोट्या विधानांच्या रूपात लिहाव्यात व सहमत, असहमत, सांगता येत नाही असे पर्याय देऊन अधिक लोकांना विचाराव्यात. कोणती समजूत किती पसरली आहे हे येथे कळते. आरंभीच प्रश्नावली घेतली तर प्रश्नकर्त्याला सुचलेल्या समजुतींचेच मोजमाप होते.

प्रारूपापासून रचनेकडे

मोजमाप झाल्यावर प्रत्येक तफावतीपुढे एक प्रश्न ठेवावा : येथे शेतकऱ्याचे प्रारूप बदलायचे की प्रणालीची रचना? बहुतेक ठिकाणी रचना बदलणे स्वस्त आणि न्याय्य ठरते.

• प्रवेशद्वार लक्षणाचे असावे. 'कीड' व 'रोग' या कळांऐवजी "पान मुरडले", "फूल उमलत नाही", "बोंडाला छिद्र" अशी चित्रे द्यावीत. डोमकळी शेतकऱ्याला दिसते, तिच्यातील अळीचे नाव प्रणालीने सांगावे.

• आकड्यासोबत अर्थ व पुढील कृती द्यावी. "८ पतंग" याऐवजी "सापळा कीड संपवत नाही, कीड आल्याची वर्दी देतो. आज वर्दी आली आहे. एकरी २० हिरवी बोंडे फोडून पाहा. २ किंवा अधिक बोंडांत जिवंत अळी दिसल्यास उपाय करा" असा संदेश असावा. त्यात जुन्या प्रारूपाचा उल्लेख येतो आणि नव्याला जागा मिळते.

• न दिसणारे दाखवावे. पतंग, अंडी, अळी, कोष यांचे चक्र एकाच चित्रपट्टीत यावे. ढालकिड्याची अळी आणि क्रायसोपाची देठावरील अंडी ही "फवारू नका" या गटात छायाचित्रासह असावीत.

• "काहीच करू नका" हेही उत्तर असावे. औषधाच्या प्रारूपात उपचार न सांगणारा वैद्य अपुरा वाटतो. म्हणून "आज फवारणी नको, तीन दिवसांनी पुन्हा पाहा" या सल्ल्यासोबत कारण आणि आठवण करून देणारा संदेश अवश्य द्यावा, नाहीतर शेतकरी तडक कृषी सेवा केंद्राच्या दारात जातो.

• स्थानिक नाव आणि शास्त्रीय ओळख यांची जोड ठेवावी. विदर्भातील, खानदेशातील आणि कोकणातील नावे निरनिराळी. तेलंगण, गुजरात वा पंजाबसाठी मराठीतील पर्याय नुसते भाषांतरित करून चालत नाही, यादी तेथे पुन्हा करावी लागते.

व्हिएतनामचा अनुभव

मोजलेल्या समजुतीवर उभी केलेली मोहीम काय साधू शकते, याचे उदाहरण भातशेतीत आहे. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील कीटकशास्त्रज्ञ के. एल. हेओंग आणि फिलिपाइन्समधील संज्ञापनशास्त्राच्या अभ्यासक मोनिना एस्कलाडा यांनी शेतकऱ्यांच्या फवारणीमागील समजुतींचा अभ्यास केला. हंगामाच्या आरंभी होणाऱ्या पुष्कळशा फवारण्या पाने गुंडाळणाऱ्या अळीसारख्या, डोळ्यांना चटकन दिसणाऱ्या किडींसाठी होत्या. पांढरी पडलेली पाने पाहून शेतकरी उत्पन्नाचे नुकसान कल्पित. वस्तुतः वाढीच्या सुरुवातीस भाताचे पीक नवे फुटवे व पाने देऊन ही हानी भरून काढते. उलट लवकर केलेली फवारणी कोळ्यांसारखे शिकारी मारते आणि तपकिरी तुडतुड्यांना मोकळे रान मिळते.

येथे प्रारूपातील एकच बाण चुकीचा होता : 'पानाचे नुकसान म्हणजे उत्पन्नाचे नुकसान'. मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातील लाँग आन प्रांतात १९९४ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेने तेवढाच बाण लक्ष्य केला. पेरणीनंतर पहिले ४० दिवस पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी फवारणी नको, हा तिचा एकमेव संदेश होता. पत्रके, फलक आणि आकाशवाणीवरील छोट्या विनोदी नाटिकांतून तो पोहोचविला गेला. शेतकऱ्यांना विश्वास ठेवा असे न म्हणता, शेताच्या एका तुकड्यात करून पाहा असे सुचविण्यात आले. त्यानंतरच्या पाहण्यांत शेतकऱ्यांच्या कीटकनाशक फवारण्या सुमारे निम्म्यावर आल्याचे आढळले आणि समजुतींतील बदलही मोजला गेला. जुन्या समजुतीला स्वतःच्या शेतातील उत्पन्नाने उत्तर दिले, हे तिच्या यशाचे मर्म होय.

इंडोनेशियात १९८९ पासून चाललेल्या शेतकरी शेतीशाळांतही हेच तत्त्व होते. शेतकरी काचेच्या भांड्यात किंवा जाळीत कोळी व तुडतुडे एकत्र ठेवून कोण कोणाला खातो हे स्वतः पाहत. बेंटली यांच्या नकाशातील 'न दिसणारे' अशा रीतीने 'दिसणारे' होते.

घ्यावयाची दक्षता

१. ज्याच्या हाती भ्रमणध्वनी असतो तोच पीक पाहतो असे नाही. निंदणी व वेचणी करणाऱ्या स्त्रियांना डोमकळी आणि किडके बोंड आधी दिसते, फवारणी बहुधा मजूर करतो, खरेदी मालक करतो. तिघांची प्रारूपे स्वतंत्रपणे मोजावीत.

२. कृषी सेवा केंद्राचा विक्रेता हा गावातील प्रभावी सल्लागार असतो. त्याचीही मुलाखत घ्यावी.

३. हंगामात प्रारूप बदलते. पेरणीच्या वेळी घेतलेली यादी आणि बोंडे भरताना घेतलेली यादी सारखी नसते. दोन्ही वेळा मोजावे.

४. मुलाखत ही परीक्षा नव्हे हे आरंभी सांगावे, संमती घ्यावी, नावे गुप्त ठेवावीत. शेवटी शेतकऱ्याच्या शंकांना उत्तर द्यावे, घेतलेल्या वेळेची ती किमान परतफेड होय.

५. प्रणाली सुरू झाल्यावर तेच अंदाजाचे प्रश्न पुन्हा विचारावेत. ॲप किती जणांनी घेतले या आकड्यावरून निर्णय सुधारला की नाही हे कळत नाही.

सारांश

शेतकऱ्याच्या मनात किडीचे, सापळ्याचे आणि औषधाचे एक चित्र आधीपासून असते आणि प्रत्येक सल्ला त्या चित्रातून गाळून त्याच्यापर्यंत पोहोचतो. हे चित्र मुक्त यादी, कार्डे, शेतातील संवाद आणि अंदाजाचे प्रश्न यांच्या साह्याने मोजता येते. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत, पंचवीस छायाचित्रे, एक वही आणि ऐकून घेण्याची तयारी पुरते. तफावत आढळल्यास प्रथम प्रणालीची रचना तपासावी. जेथे समजूतच बदलणे आवश्यक आहे, तेथे नेमकी एक समजूत निवडून ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात पडताळण्याची संधी द्यावी.

स्वाध्याय

अ) आपल्या कार्यक्षेत्रातील दहा शेतकऱ्यांकडून एका पिकाची मुक्त यादी घ्यावी व प्रत्येक नावाची ठळकता काढावी. त्यात एकही मित्रकीटक आला काय?

आ) कामगंध सापळा वापरणाऱ्या पाच शेतकऱ्यांना "सापळ्यात पतंग जास्त आले तर ते चांगले की वाईट, आणि का?" एवढेच विचारावे. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहावीत.

इ) आपण गेल्या आठवड्यात पाठविलेला एक सल्ला निवडावा. तो योग्य रीतीने समजण्यासाठी शेतकऱ्याच्या मनात कोणते प्रारूप असणे आवश्यक होते, ते लिहून काढावे आणि मग तो सल्ला पुन्हा लिहावा.